शाळेचे सभागृह आणि नव्या नाटकांचा हंगाम



स्नेहसंमेलनाची चर्चा सुरू झाली तेव्हा वर्गात मी सहज म्हटले, "यंदा एखादे प्रायोगिक नाटक बसवायचे का?" मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "सर, म्हणजे प्रायोगिक परीक्षेसारखे? त्याचे मार्क मिळतात का?" सगळा वर्ग हसला. प्रश्न मात्र अगदीच चुकीचा नव्हता. आपल्या मध्य प्रदेशात 'प्रायोगिक' म्हटले की मुलांना प्रयोगशाळा, परीक्षानळी आणि वीस मार्कांची वही आठवते. नाटकातले 'प्रायोगिक' काय असते, त्याचा हंगाम कसा भरतो आणि आपल्यासारख्या गावातल्या शाळेचा त्याच्याशी काय संबंध, हे थोडे समजावून सांगावे म्हणून हा लेख.

'प्रयोग' हा शब्द

मराठीत नाटकाच्या प्रत्येक खेळाला आपण 'प्रयोग' म्हणतो. पहिला प्रयोग, शंभरावा प्रयोग, आजचा प्रयोग. हा शब्दच सांगतो की काल रंगलेले नाटक आज तसेच रंगेल याची खात्री नसते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून मानतो आणि दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. त्या काळात ते नाटकही नवा प्रयोगच होता.

पुढे नाटक हा व्यवसाय झाला. थिएटरचे भाडे, नेपथ्य, जाहिरात, नटांची रात्र हा सगळा खर्च तिकिटातून काढायचा म्हटले की लोकांना हमखास आवडेल तेच करावे लागते. यात कमीपणा काहीच नाही. त्या व्यवसायानेच मराठी नाटक जगवले. पण ज्याला नवा विषय मांडायचा आहे, वेगळ्या पद्धतीने मांडायचा आहे, ज्याचे नाटक पन्नासच माणसे बघतील, त्याने कुठे जायचे? ज्या मंडळींनी यासाठी स्वतःची वेगळी जागा केली, त्यांच्या रंगभूमीला प्रायोगिक किंवा समांतर रंगभूमी म्हणतात. थोडक्यात, विज्ञानाच्या प्रयोगात आणि या नाटकात एक साम्य आहे. उत्तर आधी ठाऊक नसते आणि प्रयोग फसला तरी त्यातून शिकायला मिळते.

एका शाळेच्या सभागृहाची गोष्ट

आता मुख्य गोष्ट. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा सर्वात गाजलेला काळ मोठ्या नाट्यगृहात घडला नाही. तो एका शाळेच्या सभागृहात घडला.

१९६० साली मुंबईत विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदी मंडळींनी 'रंगायन' ही संस्था उभी केली. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली याच संस्थेने रंगमंचावर आणले. त्याचे दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. एक हौशी मंडळी एका सभागृहात जमतात, वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला चालवतात आणि खेळता खेळता एका बाईला खरोखरच आरोपी करून टाकतात, असे ते नाटक. त्याला ना राजवाडा लागतो ना बगीचा. चार खुर्च्या आणि एक खोली पुरते.

पुढे 'रंगायन' थांबली. १९७१ साली अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांचे सहकारी यांनी 'आविष्कार' ही संस्था काढली. प्रश्न जागेचा होता. सुलभाताई दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत शिक्षिका होत्या. १९७४ पासून याच शाळेच्या सभागृहात संध्याकाळी प्रयोग होऊ लागले. तिथे भारी पडदे नव्हते की गुबगुबीत खुर्च्या नव्हत्या. खुर्च्या हव्या तशा मांडता येत, म्हणून नट कधी प्रेक्षकांच्या समोर, कधी मधोमध उभा राहू शके. भाडे थोडे, तिकीट थोडे. 'आविष्कार'ने ही जागा स्वतःपुरती ठेवली नाही. इतर संस्थांनाही तिथे प्रयोग करू दिले. बघता बघता 'छबिलदास' हे शाळेचे नाव एका चळवळीचे नाव झाले. १९९२ च्या सुमारास हा अध्याय संपला आणि 'आविष्कार'ने आपला मुक्काम माहीमला हलवला. लक्षात घ्या, तोही महापालिकेच्या शाळेतच!

याच संस्थेच्या 'चंद्रशाला' या बालविभागाने 'दुर्गा झाली गौरी' हे मुलांचे नृत्यनाट्य केले आणि ते अनेक वर्षे चालले. मुलांच्या एका पिढीनंतर दुसरी पिढी त्यात उभी राहिली. अरविंद देशपांडे गेल्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ संस्थेने दरवर्षी नाट्यमहोत्सव भरवायला सुरुवात केली. एका माणसाची आठवण नवी नाटके दाखवून ठेवायची, ही कल्पना मला फार आवडते.

नवे म्हणजे जुने टाकणे नव्हे

पालकांच्या मनात एक शंका असते की प्रायोगिक म्हणजे काहीतरी न समजणारे, परदेशी. प्रत्यक्षात आपल्या उत्तम प्रायोगिक नाटकांनी नवेपणा घरातच शोधला. सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' १९७४ साली पुण्यात आले. विषय मृत्यूचा, पण मांडणी कीर्तनाची! 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली आले. त्यात बारा-पंधरा ब्राह्मण ओळीने उभे राहून नाचता-गाता भिंत होतात. ती भिंत हाच पडदा आणि हेच नेपथ्य. कोकणातल्या खेळांशी त्याचे नाते उघड दिसते.

आपल्याला आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर हबीब तनवीर यांचे. ते मूळचे रायपूरचे, आणि भोपाळला त्यांनी आपले 'नया थिएटर' वाढवले. छत्तीसगडच्या खेड्यांतले नाचा कलावंत घेऊन, त्यांच्याच बोलीत त्यांनी १९७५ साली 'चरणदास चोर' उभे केले आणि ते देशोदेशी गेले. आपल्याकडची दंडार आणि खडी गंमत ही त्या नाच्याची शेजारीण. ज्या कलेला आपली मुले 'गावठी' म्हणून नाक मुरडतात, तिच्यातच एखादे नवे नाटक दडलेले असू शकते.

बाघ नदीपलीकडचा हंगाम

आता आपल्या शेजारी बघू. बालाघाट जिल्हा १८६७ नंतर भंडारा, सिवनी आणि मंडला यांचे भाग जोडून तयार झाला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भंडारा तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. पण धानाच्या बांध्या, मंडई आणि नाटकाची आवड यांना राज्याची हद्द कळत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम भाऊबीजेला सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचे मुख्य ठाणे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वडसा लागते. हंगामाआधीच तिथे कंपन्यांची कार्यालये थाटली जातात. गावोगावची मंडळे येऊन नाटक ठरवतात, तारीख घेतात, बयाणा देतात. नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि पहाटेपर्यंत रंगते. पूर्वी दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक अशी जोडी असे. लेकी-जावयांना बोलावणे जाते, पाहुणे उतरतात, कुठे कुठे सोयरिकीही जुळतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवणारे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

झाडीपट्टीला कोणी प्रायोगिक म्हणत नाही, ती चोख व्यवसाय करणारी रंगभूमी आहे. पण ती स्वतंत्र आहे. ती प्रेक्षकांच्या तिकिटावर उभी आहे आणि दर हंगामाला नवी नाटके लिहून घेते. छबिलदास आणि झाडीपट्टी यांच्यात शहर-खेड्याचे अंतर आहे, तरी एक धडा दोघींचा सारखाच. नाटकाला आधी इमारत लागत नाही. आधी लागते ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि पुन्हा येणारी माणसे.

हंगाम कसा आखतात

हंगाम म्हणजे नुसती नाटकांची यादी नव्हे. चांगली संस्था त्यात तोल सांभाळते. एक अगदी नवी संहिता असते, जी फसूही शकते. एखादे जुने नाटक नव्या रीतीने केलेले असते. एखादा एकपात्री प्रयोग असतो, कारण त्याचा खर्च कमी आणि नटाची कसोटी मोठी. एक संध्याकाळ अभिवाचनाची ठेवतात. त्यात वेशभूषा नाही, पाठांतर नाही. हातात संहिता घेऊन आवाजाने नाटक उभे करायचे. लेखकाला आपले लिखाण कुठे लंगडते ते तिथे कळते आणि दुरुस्ती करायला वेळ मिळतो.

प्रत्येक नाटकाचा प्रवासही ठरलेला असतो. प्रथम वाचन, मग हालचाली बसवणारी उभी तालीम, शेवटी वेश, प्रकाश आणि संगीतासह रंगीत तालीम. प्रयोगानंतर पुष्कळ ठिकाणी प्रेक्षकांशी गप्पा होतात. आवडले की नाही एवढेच सांगून भागत नाही, का ते सांगावे लागते. मुलांसाठी हा भाग नाटकाइतकाच मोलाचा. चारचौघांत उभे राहून, कुणाचा अपमान न करता आपले मत मांडणे हे दुसऱ्या कोणत्या तासाला शिकवतात?

आपल्यापुरते

आपल्या मुलांच्या कानावर घरात मराठी, अंगणात पोवारी आणि बाजारात हिंदी पडते. ही श्रीमंती आहे, पण तिच्यात मराठीचा वाटा दरवर्षी थोडा थोडा कमी होतो आहे, हे आपण सगळे पाहतो. मुले मराठी समजतात. बोलायची वेळ आली की हिंदीत उत्तर देतात. स्नेहसंमेलनात सिनेमाच्या गाण्यावर नाच होतात, ते चांगलेही होतात, पण तिथे तोंड रेकॉर्ड उघडते, मूल उघडत नाही. नाटकात मात्र वाक्य मोठ्याने, स्पष्ट आणि अर्थ समजून बोलावेच लागते. भाषा वाचवण्यासाठी भाषणांपेक्षा हा उपाय मला अधिक खात्रीचा वाटतो.

विश्वस्त मंडळींचे प्रश्न मला ठाऊक आहेत आणि ते रास्त आहेत. खर्च? रिकामे सभागृह, दोन पिवळे दिवे आणि सतरंज्या यांवर सुरुवात होऊ शकते. बंगालचे बादल सरकार तर मंच आणि नेपथ्य सोडून सभागृहात, मैदानात प्रेक्षकांमध्येच नाटक करीत. विषय? संहिता आधी शिक्षक-पालकांनी वाचावी आणि मुलांच्या वयाला योग्य तीच घ्यावी. लेखकाची लेखी परवानगी आणि त्याचे मानधन मात्र चुकवू नये. मुलांनी प्रामाणिकपणाचा पहिला धडा तिथूनच घ्यावा. अभ्यास? तालमी शनिवारी दुपारी आणि रविवारी ठेवता येतील, आणि परीक्षेच्या आधी महिनाभर सगळे बंद.

माझी सूचना लहानच आहे. येत्या हिवाळ्यात तीन संध्याकाळी. पहिली अभिवाचनाची, त्यात पालकांनीही वाचावे. दुसरी मुलांनी स्वतः लिहिलेल्या छोट्या नाटुकल्यांची, मग त्यात पोवारी आली तरी चालेल. तिसरी गावातल्या जाणत्या कलावंतांकडून शिकून केलेल्या दंडारीची, विषय मात्र आजचा. एखादी संध्याकाळ फसेल. फसू द्यावी. दुसऱ्या वर्षी कळेल काय बदलायचे ते.

शेवटी एक आठवण सांगतो. विदर्भातल्या पारवा गावचा एक तरुण नागपुरात सिनेमा बघायला निघाला होता. तिकीट मिळाले नाही, म्हणून तो जवळच चाललेल्या नाटकाला जाऊन बसला. नाटक तेंडुलकरांचे होते, 'मी जिंकलो! मी हरलो!', दिग्दर्शन विजया मेहता यांचे. त्या रात्रीने तो इतका हलला की स्वतः नाटके लिहू लागला. ते महेश एलकुंचवार. पुढे विदर्भातल्या खेड्यातल्या एका घराची पडझड त्यांनी 'वाडा चिरेबंदी'त मांडली आणि त्या वाड्याची पुढची कहाणी सांगणारी नाट्यत्रयी १९९४ साली याच 'आविष्कार'ने रंगमंचावर आणली.

त्या रात्री नागपुरात नाटक चालू होते, म्हणून हे घडले. आपल्या किरनापुरात एखाद्या मुलाची किंवा मुलीची तशी रात्र यायची असेल, तर आधी सभागृहाचे कुलूप उघडे असायला हवे. किल्ली आपल्याच हातात आहे.