वाढदिवस पितरांच्या पंधरवड्यात आला तर?



गटाची बैठक संपते, हप्ते जमा होतात, रजिस्टर मिटतं आणि चहा येतो. खरं बोलणं मग सुरू होतं. तीन वर्षांपूर्वी अशाच चहाच्या वेळी आमच्या गटातली एक ताई गप्प बसून होती. तिनं महिनाभर आधी गटातून पाच हजार रुपये उचलले होते, लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला. वाढदिवस होऊन आठ दिवस झाले होते. कुणीतरी विचारलं, कसा झाला गं? ती म्हणाली, "झाला कुठं? पोरगी रडून झोपली."

आजचा विषय तिच्याच परवानगीनं घेतलाय. नाव सांगत नाही.

या लेकीचा जन्म २ ऑक्टोबर २०१८ चा. तारीख सोपी, कुणी विसरणार नाही. पण दिनदर्शिका काढून बघा, या एका तारखेवर दरवर्षी काय काय येऊन बसलंय. ती जन्मली तेव्हा पितृपक्ष, म्हणजे आपल्याकडचा म्हाळाचा पंधरवडा चालू होता. २०१९ ला नवरात्र. २०२० ला अधिक आश्विन महिना. २०२१ ला पुन्हा पितृपक्ष, त्यातही एकादशी. २०२२ ला नवरात्र. २०२३ ला पितृपक्ष आणि त्या दिवशी संकष्टी. २०२४ ला तर थेट सर्वपित्री अमावास्या. गेल्या वर्षी दसरा, आणि यंदा परत पितृपक्ष. यातलं काहीही नसलं तरी गांधी जयंती असतेच. शाळा जयंतीच्या कार्यक्रमापुरती भरते आणि सुटते. वर त्या दिवशी ग्रामसभा, म्हणजे बायका तिकडे. वर्गात उभं राहून सगळ्यांकडून टाळ्या आणि गोळ्या वाटण्याचा मान त्या पोरीला कधी मिळालाच नव्हता.

२०२३ ला ताईनं ठरवलं, यंदा मोठा करायचा. सुट्टीचा दिवस म्हणून २ तारीखच धरली. साठ माणसांचा स्वयंपाक, तालुक्याहून केक, फुगे, मंडप. आदल्या रात्री सासूबाईंनी विचारलं, "भावकीत त्याच दिवशी म्हाळ हाय, कोण येणार?" ताईला वाटलं, म्हातारी मुद्दाम आडवी लावतीय. पण झालं तसंच. भावकी म्हाळाला गेली. जे आले त्यातल्या निम्म्यांना संकष्टीचा उपास. केकमध्ये अंडं, म्हणून बाकीच्यांनीही हात आखडला. भात उरला तो दुसऱ्या दिवशी म्हशीला घातला.

आणि कर्ज? पाच हजार, शेकडा दोन रुपये महिना व्याज, पाचशेचे दहा हप्ते. पहिल्या महिन्याला व्याज शंभर, दुसऱ्याला नव्वद, असं उतरत शेवटी दहा. एकूण साडेपाचशे. म्हणजे एका फसलेल्या संध्याकाळचे साडेपाच हजार, आणि ते फिटेपर्यंत पुढचा पावसाळा आला. मी वाढदिवसाच्या कर्जाच्या विरोधात नाही. लेकराची हौस आईनं करायची नाही तर कुणी? पण त्या दिवशी बैठकीत आम्ही कर्जाचं कारण विचारलं होतं, तारीख नाही. ती चूक गटाची, आणि समन्वयक म्हणून माझीही.

आता हे असं का होतं ते समजून घेऊ. समजलं की पुढचं सोपं.

आपली तारीख सूर्यावर चालते, वर्ष ३६५ दिवसांचं. तिथी चंद्रावर चालते आणि चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात. फरक अकरा दिवसांचा. म्हणून सण दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतात. सर्वपित्री अमावास्या बघा : २०२४ ला २ ऑक्टोबर, २०२५ ला २१ सप्टेंबर. बरोबर अकरा दिवस. असंच सरकत राहिलं असतं तर दिवाळी एक दिवस उन्हाळ्यात आली असती. ते होऊ नये म्हणून दोन-तीन वर्षांनी अधिक महिना येतो, ज्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, आणि सण पुन्हा पुढे ढकलले जातात. २०२० ला अधिक आश्विन होता, २०२३ ला अधिक श्रावण, यंदा अधिक ज्येष्ठ. म्हणूनच यंदा सर्वपित्री २१ सप्टेंबरवरून पुढं सरकून १० ऑक्टोबरला गेली.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. कुठलीही एक तारीख दरवर्षी वाईट नसते आणि दरवर्षी चांगलीही नसते. साधारण एकोणीस वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा जवळजवळ एकत्र येतात. कुणी म्हणेल, मग तिथीनं करा वाढदिवस. पण या लेकीची तिथी भाद्रपद वद्य अष्टमी. तिथीनं धरलं तर तिचा प्रत्येक वाढदिवस पितृपक्षातच येणार! तारीख निदान एखाद्या वर्षी सोडते तरी.

आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या भाभींची अडचण याच जातीची, पण वेगळी. त्यांच्या मुलाचा वाढदिवस १५ मार्चला. हिजरी वर्षही चंद्राचंच, पण त्यात अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान मागं मागं येत सगळं वर्ष फिरतो, एक फेरा साधारण तेहतीस वर्षांचा. १५ मार्चला २०२४, २०२५ आणि २०२६ अशी लागोपाठ तीन वर्षं रमजान होता. भाभींनी कुरकुर केली नाही. वाढदिवस रोजा सोडल्यानंतर ठेवला. खजूर, फळं, भजी तर रोज असतातच, त्यात एक केक. मुलाच्या मित्रांना वेळ सांगितली ती अंधार पडल्यानंतरची. पुढच्या वर्षी रमजान मार्चच्या मध्याआधीच संपतो, तेव्हा दुपारी करणार म्हणाल्या.

आता परत आमच्या ताईकडे. २०२४ ला सर्वपित्री. त्या वर्षी बैठकीत मी मुद्दाम विषय काढला. एक म्हणाली, आधीच्या रविवारी करा. दुसरी म्हणाली, तोही पंधरवड्यातच. तिसरी म्हणाली, हल्ली कोण पाळतंय. यावर ताई म्हणाली, "माझी सासू पाळते. सासरे जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या घासाच्या दिवशी मी फुगे लावू?" सगळ्या गप्प झाल्या. मला विचाराल तर अशा ठिकाणी शास्त्र काय सांगतं हा वाद घालूच नये. म्हातारीचं ते दुःख आहे. पोरीची ती हौस आहे. दोन्हीला जागा हवी.

वाट काढली ती सासूबाईंनीच. ताईनं घरी जाऊन भांडायच्या ऐवजी विचारलं, "आत्या, मग कधी करू?" त्या म्हणाल्या, "थोरली लेक हाय ती. कोजागिरीला तिची आश्विनी करायचीच असती, तवा ओवाळू."

मैत्रिणींनो, हे आपल्यातल्या कितीतरी घरांत चालत आलंय आणि आपण विसरत चाललोय. आश्विन पौर्णिमेला घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळतात, नवं काहीतरी देतात. मुलगा असो की मुलगी. रात्री आटीव दूध असतंच, शेजारीपाजारी चांदण्यात जमतातच. त्या वर्षी कोजागिरी १६ ऑक्टोबरला होती, पितृपक्ष संपून पंधरा दिवसांनी. दूध घरच्या म्हशीचं. साखर, वेलदोडा, चारोळी, पोह्यांचा चिवडा आणि कुकरमध्ये केलेला बिनअंड्याचा रव्याचा केक, सगळं मिळून हजाराच्या आत. कर्ज नाही.

आणि २ ऑक्टोबरला? तो दिवस मोकळा सोडला नाही, हे महत्त्वाचं. मोठ्यांना वाटतं, पुढं ढकललं म्हणजे झालं. लेकराला वाटतं, आज माझा वाढदिवस आणि कुणाला आठवणच नाही. म्हणून सकाळी तिला न्हाऊ घातलं, आजोबांच्या फोटोच्या पाया पडायला लावलं. म्हाळाची खीर होतीच, पहिली वाटी आजीनं घास ठेवून झाल्यावर तिच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी, ३ तारखेला, बाईंना सांगून वर्गात गोळ्या वाटल्या. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. पोरगी घरी येऊन म्हणाली, "माझे तीन वाढदिवस झाले."

हे सगळ्यांना जमेलच असं नाही. थोरलं लेकरू नसेल तर आश्विनी नाही. पण रीत शोधली तर सापडते. संक्रांतीच्या आसपास जन्मलेल्या लहानग्यांचं बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलव्याचे दागिने, आळीतली पोरं. वाढदिवस त्यातच घ्या, वेगळा खर्च कशाला? दिवाळीत जन्मलेल्यांचं मात्र उलटं. त्यांना कायम ऐकावं लागतं, "दिवाळीचे कपडे हेच तुझ्या वाढदिवसाचे." तिथं एक छोटी गोष्ट फक्त त्याच्या नावाची ठेवा, दहा रुपयांची का असेना. एकादशी किंवा संकष्टी आली तर पाहुण्यांना आधी सांगा आणि भगर, राजगिऱ्याचे लाडू ठेवा. मे महिन्यात जन्मलेल्या मुलांसाठी आमच्या अंगणवाडीताईंनी आणि शाळेतल्या बाईंनी जूनच्या शेवटच्या शनिवारी एकत्र वाढदिवस सुरू केलाय. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली लेकरंही त्यात येतात, कारण त्यांची थंडीतली तारीख फडावरच जाते. आमच्या वाडीत एक २९ फेब्रुवारीचा मुलगाही आहे, २०२० चा. खरी तारीख आता २०२८ लाच. एरवी तो २८ ला आईकडून आणि १ मार्चला मामाकडून वसूल करतो, त्याची काळजी नको!

एक गोष्ट मात्र कडक सांगते. साजरा करायचा दिवस हलवा, कागदावरची तारीख हलवू नका. अमावास्येला बाळ झालं म्हणून "दुसऱ्या दिवशीची घाला" असं सांगणारे अजून भेटतात. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि ती जन्मली त्याच तारखेची. दवाखान्यात बाळंतपण झालं तर माहिती दवाखानाच कळवतो, घरी झालं तर घरच्यांनी कळवायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढं बऱ्याच कामांना जन्माचा दाखलाच लागणार आहे. दाखल्यावर एक, आधारवर दुसरी, शाळेत तिसरी अशी तारीख झाली की आयुष्यभर चकरा. आपल्या आया-मावश्यांची तारीख विचारा, निम्म्या गावाची १ जून निघेल. शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजींनी तीच लिहिली. माझ्या आईचीही १ जूनच. तिचा खरा दिवस कुणाला माहीत नाही. आजी सांगायची, "बाजरी काढणीला होती तवा."

आता कामाचं. पेन असेल तर घ्या. आमच्या गटात जानेवारीच्या बैठकीत दिनदर्शिका मध्ये ठेवतो आणि प्रत्येकीच्या लेकरांच्या तारखांवर गोल करतो. त्या दिवशी उपास आहे का, म्हाळ आहे का, गावची जत्रा, बाजार, परीक्षा, शाळेची सुट्टी, सुगीची घाई, आणि दुधाचा पगार कधी मिळतो, हे तिथंच बघतो. अडचण दिसली की पर्यायी दिवस तिथंच ठरवतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारून यायला सांगतो. ठरवून बोलवायला गेलं की नाही म्हणतात, विचारायला गेलं की सुचवतात. वाढदिवसासाठी महिन्याला शंभर रुपये वेगळे टाकले तर दहा महिन्यांत हजार होतात, आणि कर्जाला हात लावावा लागत नाही. तरी कुणी कर्ज मागितलंच, तर आता रजिस्टरमध्ये कारणापुढे तारीखही लिहितो.

यंदा २ ऑक्टोबर शुक्रवारी आहे, पंधरवड्याच्या ऐन मध्यावर. कोजागिरी २५ ऑक्टोबरला, रविवारी. ताईची लेक आठ वर्षांची होईल. तिनं आत्ताच आजीला सांगून ठेवलंय, दूध यंदा मी ढवळणार, आणि आश्विनीची नवी वस्तू म्हणून फ्रॉक नको, सायकलची घंटी हवी.