मोडलेले हाड आणि शर्करेची साखळी



हाड जुळविणारी साखर, हा विषय ऐकून आज गोडधोड खाण्याची मोकळीक मिळणार असे कोणास वाटले असेल, तर त्याची निराशा होणार आहे. साखर खाऊन हाड जुळत नाही. उलट मधुमेह्याचे हाड बहुधा उशिराच जुळते. मला सांगावयाचे आहे ते एका निराळ्याच शर्करेविषयी. आपले शरीर ती स्वतः तयार करते आणि पेशींच्या पृष्ठभागावर वागविते.

प्रथम हाड जुळते कसे ते पाहू. हाडवैद्याच्या कामट्या असोत की रुग्णालयातले प्लास्टर, दोन्ही फक्त तुटलेली टोके समोरासमोर स्थिर धरतात. जोडण्याचे काम शरीराचे. मोडलेल्या जागी रक्त साकळते, तेथे पेशी गोळा होतात, दोन-तीन आठवड्यांत कूर्चेची मऊ गाठ धरते, पुढे तीत कॅल्शियमचे क्षार साठून ती टणक होते. मग कित्येक महिने ती गाठ तासली जाऊन हाडाला जवळजवळ मूळचा घाट येतो. कातडीवर व्रण उरतो. हाड मात्र पुन्हा हाडच होते.

पण सर्वच हाडे अशी शहाण्यासारखी वागत नाहीत. नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले, किंवा मधला तुकडाच गेला, तर वर्षवर्ष जुळत नाही. घरातला मिळवता माणूस कुबड्यांवर बसला म्हणजे साऱ्या घराचीच चूल अडते. अशा वेळी शस्त्रवैद्य त्याच्याच कमरेचे हाड थोडे काढून तेथे भरतात. उपाय चांगला, पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि असे हाड काढून काढून किती काढणार?

1965 साली अमेरिकेतील मार्शल युरिस्ट यांनी एक नवल दाखविले. हाडातील क्षार काढून टाकून उरलेला भाग त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत ठेवला, आणि स्नायूत नवे हाड तयार झाले! म्हणजे हाडातच हाड घडविण्याचा संदेश दडलेला होता. पुढे ती संदेशवाहक प्रथिने हाती आली. त्यांपैकी 'बीएमपी-2' या प्रथिनाला अमेरिकेत 2002 साली पाठीच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आणि 2004 साली नडगीच्या उघड्या अस्थिभंगासाठी मान्यता मिळाली.

येथे अडचण उभी राहिली. शरीरात हे प्रथिन नॅनोग्रॅमच्या मापात वावरते. औषध म्हणून ते मिलिग्रॅमच्या मापात घालावे लागे. एका मिलिग्रॅमचे दहा लाख नॅनोग्रॅम होतात! कारण घातलेले प्रथिन जागेवर टिकत नाही, वाहून जाते. परिणामी काही रुग्णांत नको तेथे हाड वाढले. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर घशाला जीवघेणी सूज आल्याने 2008 साली अमेरिकन सरकारच्या औषधखात्याला इशारा द्यावा लागला. उताराच्या शेतात कितीही पाणी ओतले तरी ते मुरत नाही. तेथे ताल घालावी लागते.

ही ताल म्हणजेच आपली शर्करा. तिचे नाव हेपॅरन सल्फेट. हिची थोरली बहीण हेपॅरिन; रक्त गोठू न देणारा हा पदार्थ 1916 साली बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून पुढे आला. 1948 साली योर्पेस आणि गार्डेल यांना हेपॅरिनबरोबर येणारी एक निराळी शर्करा आढळली. केवळ भेसळ वाटावी असा तो पदार्थ पुढे मोठ्या कामाचा ठरला.

हेपॅरन ही दोन-दोन शर्करांच्या जोड्यांची लांब माळ आहे. एका माळेत साधारण 50 ते 200 जोड्या. मण्यांवर सल्फेटचे गट ठिकठिकाणी जडविलेले असतात आणि त्यांच्यामुळे माळेवर ऋण विद्युत्भार असतो. बीएमपी-2 च्या एका भागावर धन भार आहे. त्यामुळे माळ प्रथिनाला धरून ठेवते, त्याची झीज रोखते आणि ते पेशीच्या दारी थांबवून ठेवते. मग थोडा संदेशही पुरतो.

मग हेपॅरिनच का वापरू नये? त्याने रक्तस्रावाचे भय, आणि दीर्घकाळ दिल्यास हाडेच ठिसूळ होतात. म्हणून सिंगापूरच्या सायमन कूल, व्हिक्टर नर्कोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडीचा मार्ग धरला. बीएमपी-2 चा शर्करेला धरणारा तुकडा त्यांनी एका नळीत पक्का बसविला आणि तीतून हेपॅरनचे मिश्रण सोडले. ज्या माळा चिकटल्या त्या घेतल्या, बाकीच्या जाऊ दिल्या. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत सशांच्या हाडातील पोकळीत या निवडक माळा घातल्या, तेव्हा बाहेरून प्रथिन न देताही हाड अधिक भरून आले. सशाने स्वतःच बनविलेले प्रथिन कामी आले!

ससा म्हणजे माणूस नव्हे, हे मी आपणांस बजावून सांगतो. माणसाचे हाड जुळविण्याचे हे रुळलेले औषध अद्याप झालेले नाही. त्यामुळे कोणी हाडासाठी शर्करेची पुडी विकू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा. पण वाट मला योग्य दिसते. हाड घडविण्याची विद्या शरीरापाशी आहे. तिचा संदेश जागेवर टिकेल एवढी मदत आपण करावयाची आहे. ती साधली, तर कुबड्यांवर वर्ष काढणारा तो मिळवता माणूस कमरेवर दुसरी जखम न सोसता आपल्या पायांनी कामावर जाईल.