पहाटेचा लुकलुकता ध्रुवप्रकाश

नॉर्वे, अलास्का, कॅनडा येथील ध्रुवप्रकाशाची छायाचित्रे आता घरोघरी पोहोचली आहेत. मध्यरात्रीनंतर हिरव्या पडद्यांचा थाट ओसरतो आणि पुष्कळ प्रवासी झोपावयास जातात. खरे नवल मात्र पुढेच असते. आकाशात फिकट डाग उमटतात, काही सेकंदांत विझतात आणि पुन्हा जवळपास त्याच जागी उजळतात.

ही उघडझाप कशामुळे होते? पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन उत्तर-दक्षिण हेलकावे घेत असतात. एरवी ते हवेत न शिरताच माघारी वळतात. परंतु विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर दूर, ‘कोरस’ नामक प्लाझ्मा-लहरी उसळतात. त्यांचे ध्वनीत रूपांतर केल्यास पहाटेच्या पाखरांचा किलबिलाट ऐकू येतो. नाव त्यावरूनच पडले. या लहरी इलेक्ट्रॉनांची दिशा किंचित पालटतात. मग ते सुमारे 100 किलोमीटर उंचीवरील हवेवर आदळतात व ती उजळते. लहर ओसरली की प्रकाशही मावळतो.

तर्क जुना होता, पुरावा दुर्मीळ. निसटण्याची दिशा अवघ्या काही अंशांची, ती उपकरणांना वेगळी ओळखता येत नसे. डिसेंबर 2016 मध्ये जपानने सोडलेल्या ‘आरासे’ उपग्रहाने पुढच्याच मार्चमध्ये लहरी आणि निसटते इलेक्ट्रॉन एकत्र मोजले. त्याच चुंबकीय रेषेच्या पायथ्याशी, कॅनडात, कॅमेऱ्याने लुकलुकते डाग टिपले होते.

हा केवळ शोभेचा विषय नव्हे. यांतील अतिवेगवान इलेक्ट्रॉन 70 किलोमीटरच्याही खाली उतरतात आणि तेथील ओझोन घटवू शकतात, असे 2021 मधील संशोधन सांगते.