अध्यापनाची दखल कोण घेणार?

दरवर्षी ५ सप्टेंबरला शिक्षकांचा गौरव होतो, शाल-श्रीफळे दिली जातात. आणि ६ सप्टेंबरला महाविद्यालयातील प्राध्यापक पुन्हा आपल्या पदोन्नतीची फाइल चाळू लागतो. त्या फाइलीत त्याने वर्गात काय आणि कसे शिकविले याला कितीसे स्थान असते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शालेय शिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून आहेत. उच्च शिक्षणातील अध्यापकांचा त्यांत समावेश व्हावयास मात्र २०२३ साल उजाडावे लागले आणि त्या वर्षी त्यांच्यातून निवडले गेले ते देशभरातील अवघे १३. ही सुरुवात स्वागतार्ह आहे. तथापि, तेराजणांच्या सत्काराने हजारो महाविद्यालयांतील अध्यापनाचा प्रश्न सुटणारा नव्हे.

अध्यापकाची कदर न झाल्यास काय होते, याचे एक बोलके उदाहरण सांगली जिल्ह्यातील कुंडलच्या शेजारीच उभे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाचित्रण शिकवीत असत. त्यांना मिळावयाची बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. पुढे १९१० मध्ये औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळचे माळरान त्यांना दिले, वर बिनव्याजी कर्जही दिले, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. देशाला एक कारखानदार मिळाला. वर्गाने मात्र एक शिक्षक गमावला. सगळेच काही किर्लोस्कर होत नाहीत. नाउमेद झालेले बहुतेक अध्यापक नोकरीतच राहतात आणि वर्षानुवर्षे तीच पिवळी पडलेली टिपणे वाचून दाखवितात. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ते होतच नाही असे समजले जाते.

ज्या कामाला मोल मिळते त्याचा पुरवठा वाढतो, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक धडा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये पदोन्नतीसाठी गुणांकन पद्धती आणली आणि शोधनिबंधांना गुण दिले. निबंधांचा पूर आला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली आणि २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्याच वर्षीच्या नव्या विनियमांनी महाविद्यालयीन अध्यापकांवरील संशोधनाची सक्ती सैल केली व अध्यापनाला महत्त्व दिले. पण अध्यापन मोजावयाचे कसे? नेमून दिलेल्या तासिकांपैकी किती घेतल्या, या टक्केवारीवरून. ८० टक्के वा त्याहून अधिक तासिका घेणारा ‘चांगला’! तास झाला की नाही हे त्यातून कळते. त्या तासात कोणी काही शिकले की नाही, हे कळत नाही.

कुंडलसारख्या गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सेवाशर्तींचा नाही. एस.टी.च्या वेळेवर ज्याचा दिवस बेतलेला असतो, सकाळी वैरणपाणी करून जो वर्गात येतो, ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला असतो, त्याला चांगल्या शिकवणीची उणीव अन्य मार्गाने भरून काढता येत नाही. शहरातील मुलाला खासगी वर्ग आहेत, सुशिक्षित पालक आहेत. याच्यापाशी आहे तो एकच अध्यापक.

विद्यार्थ्याला केंद्रस्थानी ठेवून शिकविणे ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, तेव्हा त्यांनी आधी विद्यार्थ्याची परिस्थिती पाहिली आणि मग शाळेची घडी बसविली. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने गरिबाच्या मुलाला श्रमाच्या बळावर पदवीची वाट मोकळी झाली.

आजच्या वर्गातही हे करता येते. कुंडलच्या परिसरात साखर कारखाना आहे. घरी आलेले उसाचे बिल विद्यार्थ्याने वर्गात आणले, तर साखर उताऱ्यावर एफआरपी कशी ठरते, तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून का वजा होतो आणि शेतकऱ्याच्या हाती शेवटी काय उरते, या तीन प्रश्नांतून किंमत, खर्च आणि सौदाशक्ती हे तिन्ही पाठ उलगडतात. तासगावच्या बेदाण्याचे दर महिनाभर नोंदविले की मागणी-पुरवठ्याचा आलेख फळ्यावरून खाली उतरतो. परंतु अशा एका पाठासाठी अध्यापकाला पाच-सहा तास तयारी करावी लागते, वह्या तपासाव्या लागतात, मुलांबरोबर बाजारात जावे लागते. आजच्या निकषांत या पाठाची आणि टिपणे वाचून दाखविलेल्या तासाची किंमत सारखीच. अशा स्थितीत जो हे करतो तो स्वतःच्या हौसेने करतो. आणि हौसेवर कोणतीही व्यवस्था फार काळ चालत नाही.

आयोगाने २०२५ च्या जानेवारीत जो मसुदा पुढे मांडला, त्यात पदोन्नतीसाठी उल्लेखनीय योगदानाची नऊ क्षेत्रे सुचविली होती आणि नवोपक्रमशील अध्यापन हे त्यांतील एक होते. विचार योग्य आहे. धोका आहे तो अंमलबजावणीत. ‘नॅक’च्या मूल्यांकनाने विद्यार्थिकेंद्री पद्धतींचा पुरावा मागितला तेव्हा अनेक ठिकाणी पद्धती बदलण्याऐवजी फाइली जाड झाल्या. फलक लावावयाचा, छायाचित्र काढावयाचे, अहवाल जोडावयाचा, हेच अध्यापन ठरू लागले. नवोपक्रमाचेही असेच झाले तर निबंधांच्या बाजारानंतर उपक्रमांचा बाजार भरेल.

हे टाळावयाचे तर पारखणाऱ्याने वर्गात जाऊन बसले पाहिजे. विद्यापीठाने दुसऱ्या महाविद्यालयातील दोन अनुभवी अध्यापक नेमावेत. त्यांनी वर्षातून काही पाठ पाहावेत, दिलेले स्वाध्याय व तपासलेल्या वह्या चाळाव्यात. केवळ विद्यार्थ्यांच्या पसंतीवर भिस्त ठेवल्यास सढळ गुण देणारा लोकप्रिय ठरेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून पदवीनंतर दोन-तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांचे मत घ्यावे. तोवर कोणाचे शिकविणे उपयोगी पडले, हे त्यांना कळलेले असते. नवे काही करू पाहणाऱ्यास तासिकांत थोडी सूट आणि किरकोळ खर्चासाठी रक्कम मिळावी. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण अध्यापकांना तर यातून मुळीच वगळता कामा नये. आज अनेक वर्ग तेच सांभाळीत आहेत आणि पदोन्नतीचा जिनाच त्यांच्या वाट्याला आलेला नाही.

किर्लोस्करांचा लोखंडी नांगर प्रथम कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नव्या शिकविण्याचेही असेच असते. त्याचे फळ पहिल्याच परीक्षेच्या निकालात दिसत नाही. औंधच्या राजांनी कारखान्याचा नफा पाहून माळरान दिले नव्हते. त्यांनी माणूस पाहिला आणि त्याला जागा व भांडवल दिले. विद्यापीठांनी चांगल्या अध्यापकाला वेळ, मोकळीक आणि बढतीच्या निकषांत न्याय्य स्थान दिले, तरच त्याची खरी दखल घेतली असे म्हणता येईल. शाल-श्रीफळ त्यानंतर दिले तरी चालेल.