मेंदूज्वर बरा झाला, तरी मूल सारखं पडतं... असं का होतं?



मेंदूज्वर म्हटलं की आपल्याला कडक ताप, उलट्या, झटके आणि आयसीयू आठवतं. मूल त्यातून वाचून घरी आलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण काही मुलांची वेगळीच अडचण त्यानंतर सुरू होते. ताप नाही, रिपोर्ट चांगले, तरी मूल चालताना झोकांड्या खातं. जिना उतरताना भिंत धरतं. दिवेलागणीला अंगणात पडतं. मग घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, शेजारी म्हणतात बाहेरचं काहीतरी झालंय आणि शाळेत कुणीतरी म्हणतं, "नाटक करतोय, खेळाचा तास चुकवायचा असेल."

मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगते. औषधाने जंतू मेले, याचा अर्थ त्यांनी केलेलं नुकसान भरून निघालं असा होत नाही. सारखं पडण्यामागे काहीतरी कारण असतं आणि ते शोधावं लागतं. त्यातली कानाची तपासणी तर अजिबात लांबणीवर टाकू नये.

१) आपला तोल कोण सांभाळतं?

तोल ही तीन पायांची तिवई आहे असं समजा. पहिला पाय म्हणजे डोळे. दुसरा पाय म्हणजे तळपाय, सांधे आणि स्नायू यांच्याकडून मिळणारी जाणीव. तिसरा पाय म्हणजे कान. कान फक्त ऐकण्यासाठी असतो असं मुलांना वाटतं, पण आंतरकर्णात तोलाचं वेगळं इंद्रिय आहे. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या असतात. डोकं वळलं की नलिकांमधला द्रव हलतो, त्यातल्या केसासारख्या सूक्ष्म रचना वाकतात आणि मेंदूला बातमी जाते. या तिन्ही ठिकाणांहून आलेल्या बातम्या जुळवून हालचाल नेमकी करण्याचं मोठं काम अनुमस्तिष्क करतं.

फुगडी खेळून थांबल्यावर जग का फिरतं? आपण थांबतो, पण कानातला द्रव थोडा वेळ फिरतच राहतो. कान सांगतो "अजून फिरतोय", पाय सांगतात "थांबलोय". बातम्या जुळत नाहीत, त्यालाच आपण चक्कर म्हणतो.

वर्गात करण्यासारखा एक सोपा प्रयोग बघा. पुस्तक डोळ्यांसमोर धरून भराभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येत नाहीत. आता पुस्तक स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगाने डोकं हलवा. अक्षरं वाचता येतात! कारण डोकं जितकं वळतं, तितकेच डोळे उलट दिशेला वळतील अशी व्यवस्था आंतरकर्ण करतो. ज्या मुलाचं हे इंद्रिय निकामी झालं आहे, त्याला चालताना समोरचं सगळं उड्या मारताना दिसतं, पळत पळत मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओसारखं.

२) मेंदूज्वराचा कानाशी काय संबंध?

मेंदूज्वर हा एकच आजार नाही. जिवाणूंमुळे होणारा, क्षयाचा, डासांमार्फत पसरणारा जपानी मेंदूज्वर असे त्याचे प्रकार आहेत. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेल्या आणि त्याच गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणूमुळेही मुलांना मेंदूज्वर होतो.

जिवाणूंच्या मेंदूज्वरात मेंदूच्या आवरणांना सूज येते. मेंदूभोवतीचा द्रव आणि आंतरकर्ण यांना जोडणारी एक अरुंद वाट असते. त्या वाटेने संसर्ग आंतरकर्णात शिरू शकतो. ऐकण्याचा भाग आणि तोलाचा भाग शेजारी शेजारी, त्यामुळे अनेकदा दोन्हींना एकदम इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, जिवाणूंच्या मेंदूज्वराच्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे एकाला गंभीर परिणाम सोसावे लागतात. ऐकू न येणं हा त्यातला एक महत्त्वाचा परिणाम.

इथे वेळ फार महत्त्वाची आहे. संसर्गानंतर आंतरकर्णाच्या ऐकण्याच्या भागात हाड भरू लागू शकतं आणि ते काही आठवड्यांतही होऊ शकतं. एकदा हाड भरलं की कॉक्लिअर इम्प्लांट बसवणं अवघड होतं. म्हणून श्रवण तपासणी दवाखान्यातून सुट्टी मिळण्याआधी, नाहीतर सुट्टीनंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी. लहान मुलाला "ऐकू येतंय का?" असं विचारून भागत नाही. 'बेरा' नावाची तपासणी मूल झोपलेलं असतानाही करता येते.

दोन्ही कानांतलं तोलाचं इंद्रिय सारखंच निकामी झालं असेल, तर मुलाला गरगरत नाही. डॉक्टरांनी "चक्कर येते का?" विचारलं की ते "नाही" म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. पण तेच मूल अंधारात, वाळूत, नांगरलेल्या रानात किंवा गादीवर चालताना पडतं. तिवईचा एक पाय मोडलेलाच असतो. अंधारात डोळ्यांचा आणि मऊ जमिनीवर पायांचा आधार कमी होतो, मग तोल जातो.

३) कानाशिवाय आणखी कोणती कारणं असू शकतात?

• काही औषधं. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं काही रुग्णांच्या आंतरकर्णाला इजा करतात. झटक्यांवरच्या फेनिटॉइनचं प्रमाण रक्तात जास्त झालं की पाय लटपटतात, डोळे थरथरतात. मात्र स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. झटके परत येऊ शकतात. डॉक्टरांना दाखवून प्रमाण तपासून घ्यायचं.

• अनुमस्तिष्काला इजा. मूल पाय फाकवून चालतं, वस्तू उचलताना हात थरथरतो, अक्षर एकदम बिघडतं.

• मेंदूत पाणी साठणं. क्षयाच्या मेंदूज्वरात हे बऱ्याचदा दिसतं. डोकेदुखी, उलट्या, पेंगुळणं आणि चाल बिघडणं ही त्याची लक्षणं.

• झटके. मूल क्षणभर हरवल्यासारखं होऊन पडत असेल, तर तो तोल जाणं नसून झटका असू शकतो.

• साधी कारणं. खूप दिवस अंथरुणात राहिल्याने स्नायू बारीक होतात आणि एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. नजर कमी झाली असेल तरीही मूल ठेचकाळतं.

४) तातडीने दवाखान्यात कधी न्यायचं?

पुन्हा ताप आणि मान आखडणं, वाढत जाणारी डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, झटका, जास्त झोप किंवा बरळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, दोन-दोन दिसणं, अचानक ऐकू न येणं. यातलं एक जरी दिसलं तरी उद्यावर ढकलू नका.

५) हे बरं होतं का?

बऱ्याच अंशी सुधारणा होते. आंतरकर्णातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण मेंदू उरलेल्या दोन पायांवर तिवई उभी करायला शिकतो. एकाच कानाचं नुकसान असेल तर सुधारणा चांगली होते. दोन्ही कानांचं असेल तर वेळ लागतो आणि अंधारात अडचण राहते.

यासाठी खास व्यायाम असतात. नजर एका अक्षरावर ठेवून डोकं हलवणं, रेषेवरून चालणं, उशीवर उभं राहणं, चालताना मान वळवणं वगैरे. इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी १९४० च्या दशकात असे व्यायाम मांडले, आजही त्याच धर्तीवर ते शिकवले जातात. फिजिओथेरपिस्टकडून शिकून मगच घरी करावेत. सुरुवातीला हे व्यायाम करताना थोडं गरगरतं, पण त्या गरगरण्यातूनच मेंदूला सवय होते. म्हणूनच चक्कर दाबणाऱ्या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्याच बऱ्या. महिनोन्महिने चालू ठेवल्या तर मेंदूची ही सवय लांबते. मूल पडेल म्हणून त्याला दिवसभर बसवून ठेवणंही तितकंच चुकीचं.

६) शाळेत आपण काय करू शकतो?

समजा, चौथीतला एक मुलगा दोन महिन्यांनी शाळेत परत आला आहे.

१. त्याला फळ्यासमोर, मधोमध बसवा. बाजूला बसलं की मान सतत वळवावी लागते आणि डोळ्यांपुढची अक्षरं हलतात. फळ्यावरून वहीत उतरवायला त्याला जास्त वेळ द्या.

२. त्याच्याकडे तोंड करून, स्पष्ट बोला. "लक्ष नाही" असं म्हणण्याआधी "ऐकू आलं का?" हे तपासा.

३. जिना, शौचालयाची ओली फरशी, पोषण आहाराची रांग इथे एक सोबती द्या. मात्र तो मित्र असावा, पहारेकरी नको.

४. खेळाच्या तासाला त्याला सपाट मैदानावर चालणं, चेंडू झेलणं असं काहीतरी द्या. झाडावर चढणं आणि रहदारीत सायकल तूर्त नको.

५. पाण्याबाबत सक्त राहा. तोलाचं इंद्रिय निकामी असेल तर गढूळ पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. पोहता येणारं मूलही बुडू शकतं. नदी, विहीर, शेततळं, विसर्जन इथे एकट्याने उतरायचं नाही, हे पालकांना स्पष्ट सांगा.

६. एक छोटी नोंदवही ठेवा. कधी पडलं, कुठे, उजेड होता का, काय करत होतं, शुद्ध होती का, किती वेळात सावरलं. पाच मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना जे दिसत नाही ते या वहीत दिसतं.

७) मदत कुठे मिळेल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाली. त्याचं पथक शाळेत येतं तेव्हा फक्त वजन-उंचीवर थांबू नका, अशा मुलाची नोंद आवर्जून करून घ्या. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं. श्रवणासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ऐकण्याचं कायमचं नुकसान झालं असेल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार मिळणाऱ्या सवलतींसाठी आपल्या केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा.

पालकहो, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोन प्रश्न कागदावर लिहून न्या: "याची श्रवण तपासणी झाली आहे का?" आणि "तोलाची तपासणी कुठे होईल?" आणि शिक्षक मित्रांनो, मूल तिसऱ्यांदा पडलं की त्याला रागावण्याऐवजी नोंदवही उघडा.