मुंबईत घडलेली एक ध्वनिमुद्रिका

पाश्चात्त्य रॉक संगीत म्हणजे केवळ गोंगाट, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. त्या समजाची परीक्षा घेण्यास 'वंडरवॉल म्युझिक' ही ध्वनिमुद्रिका फार उपयोगी आहे, असे आम्हांस वाटते. कारण तिचा बराचसा भाग मुंबईत घडला.

१९६८ च्या जानेवारीत एच. एम. व्ही.च्या मुंबईतील ध्वनिमुद्रणगृहात आशिष खाँ सरोद घेऊन, शिवकुमार शर्मा संतूर घेऊन, तर महापुरुष मिश्र तबला घेऊन बसले. बासरीवर केंकरे होते, सनईही होती. हे सारे जमविले बीटल्स या इंग्रजी वाद्यवृंदातील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याने. निमित्त होते एका चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचे.

त्या वेळी बीटल्सचा संसार डळमळीत झाला होता. १९६६ च्या ऑगस्टनंतर त्यांनी दौरे बंद केले. पुढच्याच ऑगस्टात त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन वारला. मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकास जोडीत, तेव्हा नवख्या उतारूस गाडी परत फिरली असे वाटे. या मंडळींचेही तसेच झाले होते. हॅरिसनला मात्र आपले गाव ठाऊक होते. १९६६ मध्येच तो रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी भारतात येऊन गेला होता.

'सायकेडेलिक' हा शब्द ग्रीक धातूंपासून बनविलेला असून मन प्रकट करणारे, असा त्याचा अर्थ. मादक द्रव्यांच्या अनुभवाशी तो जोडला गेला हे खरे. पण संगीतात त्याचा अर्थ फीत उलटी फिरविणे, प्रतिध्वनी वाढविणे, स्वर लांबवून श्रोत्यास गुंगविणे असा झाला. तंबोऱ्याचा अखंड नाद या मंडळींना मोलाचा वाटला, तो याचमुळे.

मग आपल्या संगीताचा हा मसाल्यासारखा वापर झाला काय? आक्षेप अगदीच खोटा नाही. १९ लहान तुकड्यांच्या या मुद्रिकेत रागाचा विस्तार होत नाही. आलापाला लागणारा अवकाशच तेथे नाही. तरीही हॅरिसनने येथे स्वतःच्या सतारीचे प्रदर्शन मांडले नाही. ज्यांनी आयुष्य वेचून विद्या मिळविली, त्यांच्या हाती त्याने वाद्ये राहू दिली. १९६८ च्या नोव्हेंबरात मुद्रिका निघाली. त्याच वर्षी सतारीवरील आपली मजल ओळखून तो पुन्हा गिटारीकडे वळला होता. १९७० मध्ये बीटल्स फुटले, पण रविशंकरांशी त्याचा स्नेह शेवटपर्यंत टिकला.

उसनवारी प्रत्येक कला करते. आपल्या नाट्यसंगीताने ऑर्गन उसनाच घेतला, आणि घरचा केला. म्हणून कोणी काय घेतले, एवढ्यावर न थांबता घेताना त्याने मान किती लववली, हेही रसिकांनी पाहावे.