सहल कुणासाठी?

मराठीतले ‘साठी’ हे शब्दयोगी अव्यय मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. पण ते किती फसवे आहे, हे गेल्या डिसेंबरात माझ्याच घरात मला उमगले.

रविवारची सकाळ होती. अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा पुसला आणि एखादा ठराव मांडावा तशा सुरात जाहीर केले, “धाकटीला माथेरानच्या झुकझुकगाडीत बसवायची. यंदाच!”

आमची धाकटी तेव्हा दोन वर्षे दोन महिन्यांची होती. ठरावाला पहिले अनुमोदन नऊ वर्षांच्या थोरल्या चिरंजीवांनी कोचावर उडी मारून दिले. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा प्रश्न आला, “किती वेळ लागतो त्या गाडीला?”

“वेळेचं काय घेऊन बसलीस, सूनबाई!” अप्पा म्हणाले. “पोरीसाठी म्हणतोय मी. मला काय, मी पुष्कळदा बसलोय.”

झाले! घरात दोन पक्ष पडले. मी प्राध्यापक, त्यामुळे दोन्ही बाजू समजून घेण्याचे, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाण्याचे काम माझ्याकडे आले.

अप्पांची बाजू कमकुवत नव्हती. माथेरानची गाडी म्हणजे साधीसुधी करमणूक नव्हे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीतून १९०४ साली या कामाला सुरुवात झाली आणि १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला गाडी जाऊ लागली. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. सुमारे एकवीस किलोमीटरच्या वाटेत ती जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज अशी स्टेशने घेत सातआठशे मीटर चढते. कुठे कुठे चढ वीस फुटांना एक फूट असा, आणि वळणे इतकी आवळ की मागच्या डब्यातल्या माणसाला पुढचे इंजिन खिडकीतून समोरच दिसावे. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आतला. २००५ च्या जुलैतल्या पुराने तिची वाट वाहून नेली, २०१९ च्या पावसाने पुन्हा नेली. पण दोन्ही वेळा ती परत उभी राहिली. अशा गाडीवर माणसाचा जीव जडला तर नवल नाही.

पण सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर द्यायलाच हवे होते. नेरळपासून वर जायला दोन ते अडीच तास लागतात, कधी जास्तही. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, आणि तिकीट नाही म्हणजे जागाही नाही. अडीच तास पोर कुणाच्या तरी मांडीवर!

“आणि ती मांडी कुणाची असणार, ते मला ठाऊक आहे,” सौ. म्हणाली.

अप्पांनी मग हुकमाचा एक्का काढला. हा एक्का आमच्या घरात प्रत्येक लग्नामुंजीत निघतो. “अगं, हा दोन वर्षांचा होता तेव्हा याला नेला होता आम्ही. कसा खिडकीतून टाळ्या पिटत होता! विचार हवं तर हिला.”

आई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

संध्याकाळी अप्पा फिरायला गेल्यावर मी आईजवळ बसलो. “आई, मी खरंच टाळ्या पिटत होतो?”

“पिटल्यास की. स्टेशनात. गाडी सुटायच्या आधी.”

“आणि सुटल्यावर?”

“सुटल्यावर भोकाड पसरलंस ते जुम्मापट्टीपर्यंत. चाकं वळणावर किंचाळायची, तसा तूही किंचाळायचास. मग झोपलास. झोपेत माझी नवी इरकली भिजवलीस. वर पोहोचलो तेव्हा माझा पाय बधिर झालेला आणि तू ढाराढूर. तुझे वडील समोरच्या बाकावर खिडकीशी. त्यांना डोंगर दिसत होता, मला तू.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“त्यांचा आनंद खोटा नव्हता रे,” आई म्हणाली. “तो कशाला मोडायचा?”

रात्री मी अंथरुणावर पडल्या पडल्या त्या प्रवासातले काही आठवते का, ते पाहत होतो. काहीच आठवेना. आणि ते आठवणारही नव्हते. बहुतेक माणसांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्याआधीचे पान कोरेच राहते, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. म्हणजे ‘मुलाला आयुष्यभर आठवण राहील’ म्हणून आपण दोन वर्षांच्या पोराला जे जे दाखवायला नेतो, त्याची आठवण राहते ती आपल्यालाच! मग ती जत्रा असो, सर्कस असो, राणीच्या बागेतले पेंग्विन असोत की माथेरानची गाडी असो.

याचा अर्थ लहान मुलाला कुठे नेऊच नये असा मी काढला नाही. आठवण राहिली नाही तरी तो दिवस मुलाचाच असतो. तो हसण्यात जावा की रडण्यात, एवढे आपल्या हाती असते. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि उद्या कुणीही आईबाप कुठल्याही ठिकाणाबद्दल स्वतःला विचारू शकतील असे प्रश्न काढले. पुस्तकी वाटले तरी वाचकांनी ते एकदा वाचावेत.

पहिला प्रश्न : तिथून मध्येच उठता येते का? बागेतून येते. सर्कशीतूनही, चार शेजाऱ्यांचे पाय तुडवून, येते. घाट चढणाऱ्या गाडीतून येत नाही. दोन वर्षांच्या मुलाचा कंटाळा पाच मिनिटांत येतो आणि पाच मिनिटांत जातो. पण मधल्या वेळात त्याला तिथून हलवता यावे लागते.

दुसरा प्रश्न : आवाज आणि अंधार किती? आमची धाकटी मिक्सर सुरू झाला की आजीच्या पदरात शिरते. डोंगरात वळणावर चाके रुळांना घासतात तो आवाज मिक्सरच्या वरताण. मोठ्यांना त्यात संगीत वाटते. पण त्या आवाजाचे कारण ज्याला समजत नाही, त्याला भीतीच वाटणार.

तिसरा प्रश्न : झोप, भूक आणि शू यांच्या वेळा कुठे पडतात? या प्रश्नाला हसू नये. सहली मोडतात त्या बहुतेक याच तीन गोष्टींनी.

चौथा प्रश्न : सगळे एकदमच पाहिले पाहिजे का? थोडा तुकडा घेता येत नाही का? जिलबीचे ताट समोर आले म्हणून आपण बाळाला सबंध ताट भरवीत नाही. चिमूटभर पाक जिभेवर ठेवतो.

आणि पाचवा प्रश्न, जो सगळ्यांच्या आधी विचारायला हवा : ही हौस नेमकी कुणाची? मोठ्यांची असली तर त्यात पाप नाही. फक्त तिची किंमत धाकट्याने मोजू नये.

चौथ्या प्रश्नापाशी माझी पेन्सिल थांबली. माथेरानच्या गाडीचा असा तुकडा खरोखरच आहे! दस्तुरी नाक्याच्या पलीकडे मोटारी जात नाहीत. तिथून जवळच अमन लॉज स्टेशन, आणि तिथून माथेरानपर्यंत शटल धावते. तीच अरुंद वाट, तसेच चिमुकले डबे, तीच झाडी. पण वेळ सुमारे वीस मिनिटांचा. पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद असते तेव्हाही हे शटल चालू असते.

तोडगा तर सापडला. पण तो अप्पांपुढे ठेवायचा कसा? ज्या माणसाने मनात सबंध घाट चढून ठेवला आहे, त्याला वीस मिनिटांवर आणणे म्हणजे पुरणपोळी सांगून साखरपोळी वाढण्यासारखे होते. शिवाय अप्पा आता शहात्तर वर्षांचे आहेत. ‘यंदाच’ हा शब्द ते हल्ली फार वापरतात, हे माझ्या ध्यानात आले होते.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवणानंतर ते गॅलरीत उभे होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहत त्यांनी विचारले, “काय रे, त्या गाडीच्या डब्यात... सोय असते का?”

“कसली?”

“हीच. लघवीबिघवीची.”

“डब्यात नसते, अप्पा.”

“हं.” ते कठड्यावरून बोट फिरवीत राहिले. मग घाईघाईने म्हणाले, “पोरीसाठी विचारतोय.”

मी त्यांच्याकडे पाहिले. अप्पांना बारा वर्षे मधुमेह आहे. रात्री ते चार वेळा उठतात. लग्नाला जायचे तर आधी कार्यालयाचा जिना आणि मोरी कुठे आहे याची चौकशी करतात, तीही आईच्या नावाने. अडीच तास ते स्वतः बसू शकणार नव्हते. हे त्यांना ठाऊक होते; आणि ‘मला जमणार नाही’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलेले नव्हते.

ज्या तीन गोष्टी मी धाकटीसाठी कागदावर मांडल्या होत्या, त्या तिच्या आजोबांनाही तंतोतंत लागू होत्या. दोन वर्षांचे मूल आणि शहात्तरीचा म्हातारा यांच्या गरजा किती सारख्या असतात! फरक एवढाच की, मूल रडून सांगते.

“अप्पा,” मी म्हणालो, “मला वाटतं, पोरीसाठी आपण दस्तुरीपर्यंत टॅक्सीनं जावं आणि पुढं शटल धरावं. तिला तेवढंच झेपेल.”

“वीस मिनिटांचं असतं ना ते?”

“हो.”

“पोरीसाठी म्हणतोस, तर मग चालेल,” अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावरचे ओझे उतरलेले मला अंधारातही दिसले.

जानेवारीत मी एक दिवसाची रजा काढली आणि गर्दीचा शनिवार-रविवार टाळून आम्ही सहा जण ठाण्याहून कर्जत लोकलने निघालो. नेरळला टॅक्सी केली. घाटात उलटी झाली ती धाकटीला नव्हे, थोरल्या चिरंजीवांना! डॉक्टर सांगतात ते खरे : गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखाली क्वचितच होतो, आणि सहा ते बारा या वयात सर्वांत जास्त. आमची सारी तयारी, लिंबू, पिशव्या, कपड्यांचा जोड, धाकटीच्या नावाने होती. तिने मात्र दादाकडे मोठ्या कुतूहलाने पाहिले.

अमन लॉजला गाडी आली. इंजिनाने भोंगा दिला मात्र, धाकटीने अप्पांच्या मानेला मिठी मारली. सौ.ने तिच्या कानांवर हात ठेवले. अप्पा तिला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. गाडी हलली. पहिली काही मिनिटे तिने डोळे उघडले नाहीत. मग एक डोळा उघडला, मग दुसरा. लाल मातीतून एक घोडा चालला होता. “घोदा!” ती म्हणाली. त्यानंतर प्रत्येक झाड, प्रत्येक खांब तिच्या लेखी घोडा होता. गाडी थांबली तेव्हा ती ‘अजून’ म्हणाली. सहलीतून ‘अजून’ म्हणत उतरावे, ‘पुरे’ म्हणत नव्हे, हे त्या दिवशी मी शिकलो.

वर मुक्कामात तिला सर्वांत काय आवडले म्हणाल, तर बाटलीच्या झाकणात लाल माती भरणे आणि ती आजीच्या पदरावर ओतणे. पॉइंट, तळे, माकडे यांच्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. अप्पाही तिच्याजवळ दगडावर बसून होते. दोघेही मजेत होते.

थोरल्याचे एक देणे राहिले आहे. यंदा हिवाळ्यात तो आणि मी दोघेच नेरळपासून सबंध घाट गाडीने चढणार आहोत. त्याचे वय त्या गाडीचे आहे. धाकटीला पाच वर्षे पूर्ण झाली की, तिचे तिकीट काढावे लागेल. तेव्हा तिलाच विचारू.

परवा गणपतीत घरी पाहुणे जमले होते. अप्पांनी धाकटीला मांडीवर ओढले आणि सांगितले, “ही पोर दोन वर्षांची असताना हिला माथेरानला नेली होती मी. सबंध घाटभर टाळ्या पिटत होती, सबंध घाटभर!”

सौभाग्यवतींनी काही बोलायला तोंड उघडले. आईने तिच्याकडे नुसते पाहिले. सौभाग्यवतींनी मुकाट्याने पाहुण्यांच्या कपात चहा ओतला.